वाइनच्या बाटलीतली सव्वा क्वार्टर

नाशिकमध्ये वाइनची वकिली करायला फार कष्ट पडत नाहीत. गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता, सावरगावच्या उतारावरच्या वेली, शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग, त्यांच्या मागोमाग उभी राहिलेली रिसॉर्टं, होमस्टे, टॅक्सीवाले, मिसळीची हॉटेलं. एवढ्याकडे बोट दाखवलं की निम्मा युक्तिवाद झाला. उरलेला निम्मा चार विधानांत मावतो. वाइन म्हणजे दारू नव्हे. वाइन हृदयाला चांगली. वाइन हाताशी आली की माणूस कडक दारूकडे जात नाही. आणि वाइन खपली तर द्राक्षवाला शेतकरी तरतो.

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने 1000 चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हा ही चारही विधानं एका सुरात ऐकू आली. पहिलं विधान तर शिवसेनेचे नेते संजय राऊत यांनी पत्रकारांसमोरच केलं. विरोधी पक्षाने महाराष्ट्राचं ‘मद्यराष्ट्र’ होत असल्याची हाकाटी केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, काही महिन्यांत सरकारच बदललं आणि निर्णय कागदावर राहिला. विधानं मात्र राहिली. साखरपुड्याच्या पार्टीत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर ती आजही सहज टाकली जातात, आणि कोणी हरकत घेत नाही.

त्या वेळी विरोधकांनी जो प्रतिवाद केला त्याच्याशी माझा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं म्हणणं संस्कृतीचं होतं. मोहाची, ताडाची दारू या भूमीत पिढ्यान् पिढ्या गाळली गेली आहे. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर मोहाची दारू विधीतही लागते. संस्कृतीच्या नावाने वाइनवर तुटून पडणारे लोक निवडणुकीच्या आदल्या रात्री काय वाटतात, तेही नाशिककरांना ठाऊक आहे. वाइन पिणारा बिघडलेला आणि न पिणारा सज्जन, असं मला म्हणायचं नाही. मला फक्त त्या चार विधानांबद्दल बोलायचं आहे, आणि तेही शरीराच्या बाजूने.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू, कारण बाकीची तीन त्याच्या आधारावर उभी आहेत. वाइन म्हणजे दारू नव्हे असं म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं? वाइनमध्ये मद्यार्क 12-13 टक्के, व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के. वाइन आंबवलेली असते, ऊर्ध्वपातनाने गाळलेली नसते. ती जेवणाबरोबर, हळूहळू घेतात. हे सगळं खरं आहे. फक्त टक्का म्हणजे मात्रा नव्हे. मात्रा ठरते टक्का आणि माप यांच्या गुणाकाराने, आणि पेल्याचं माप नेमकं टक्क्याच्या उलट दिशेने वाढत जातं.

बाटली हातात घेऊन गणितच करू. 750 मिलिलिटरची वाइन, मागच्या लेबलवर 13 टक्के. म्हणजे 97.5 मिलिलिटर निव्वळ मद्यार्क. त्याची घनता 0.789, म्हणून वजन सुमारे 77 ग्रॅम. आता शेजारी व्हिस्कीची 180 मिलिलिटरची क्वार्टर ठेवा. 42.8 टक्क्यांनी 77 मिलिलिटर मद्यार्क, वजन सुमारे 61 ग्रॅम. वाइनच्या एका बाटलीत सव्वा क्वार्टर आहे. पेल्याचंही तसंच. 150 मिलिलिटरच्या एका ग्लासात 15 ग्रॅम, 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये 10. ‘मी काय, दोन ग्लास वाइन’ असं म्हणणाऱ्याने तीन पेग घेतलेले असतात. रोज संध्याकाळी तीन पेग घेणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको.

त्याच मागच्या लेबलवर, टक्क्याच्या आसपास, आणखी एक ओळ असते: मद्यसेवन आरोग्याला घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नियम केले आणि एप्रिल 2019 पासून ही सूचना सगळ्या मद्यांना सक्तीची झाली. रमच्या बाटलीवर जी ओळ, तीच शिराझच्या बाटलीवर. मद्य आरोग्यदायी असल्याचा दावा लेबलवर करायलाही त्याच नियमांनी मनाई आहे. म्हणजे बाटली विकणाऱ्याला जे छापता येत नाही, ते त्याच्या वतीने आपण सगळे फुकटात बोलत असतो.

पोटात गेल्यावर यकृत लेबल वाचत नाही. मद्यार्काचं ते आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे. तो प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतो, पेशींना इजा करतो. रोजची इजा भरून निघायच्या आत पुढचा हप्ता आला की यकृतात आधी चरबी साठते, मग सूज, मग तंतूंचं जाळं, मग सिऱ्हॉसिस. द्राक्षातून आलेला मद्यार्क आणि मळीतून आलेला मद्यार्क यांत फरक करणारं विकर माणसाच्या शरीरात नाही.

पुराव्यासाठी प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही. वाइनचं माहेरघर असलेल्या फ्रान्सच्या पॅरिसमध्ये हा प्रयोग इतिहासानेच करून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये वाइनचं रेशनिंग झालं, 1942 पासून माणशी आठवड्याला साधारण एक लिटर. पॅरिसमध्ये सिऱ्हॉसिसने मरणाऱ्यांचं प्रमाण 1941 मध्ये लाखामागे 35 होतं. 1945-46 मध्ये ते 6 वर आलं. रेशनिंग उठल्यावर ते पुन्हा चढलं. त्या शहरात माणसं व्हिस्कीने मरत नव्हती. जेवणाच्या टेबलावरच्या, सुसंस्कृत, आंबवलेल्या वाइनने मरत होती. पुढे 1960 नंतर फ्रेंच माणसाने स्वतःहून वाइन कमी केली. आज तो आजोबांच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास वाइन पितो, आणि त्या उतरणीबरोबर सिऱ्हॉसिसचे मृत्यूही उतरत गेले. वाइन म्हणजे दारू नव्हे हे ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी हे आकडे कशाने झाले ते सांगावं.

आता हृदय. इथे थोडं थांबावं लागेल, कारण पूर्वपक्ष इथे सगळ्यात बळकट आहे आणि त्याला हसून उडवून लावणं अप्रामाणिक ठरेल.

गोष्ट सुरू होते 17 नोव्हेंबर 1991 ला. अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात मोर्ली सेफर यांनी प्रश्न टाकला: लोणी, चीज, मांस इतकं खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी का? उत्तर म्हणून त्यांनी लाल वाइनचा ग्लास वर धरला. पुढच्या वर्षभरात अमेरिकेत लाल वाइनची विक्री सुमारे 40 टक्क्यांनी वाढली. 1992 मध्ये सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जरील यांचा ‘फ्रेंच पॅराडॉक्स’वरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि कल्पनेला शास्त्राचा शिक्का मिळाला. गंमत अशी की त्याच 1991 च्या जानेवारीत खुद्द फ्रान्सने एव्हँ कायदा करून टीव्हीवर मद्याची जाहिरात बंद केली होती. ज्यांच्याकडे बघून जग प्यायला शिकत होतं ते आपल्या घरात बाटलीला आवर घालत होते.

त्यानंतर पाहण्यांचा पाऊस पडला. बहुतेकांत आलेख इंग्रजी ‘जे’च्या आकाराचा निघाला: अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडं पिणाऱ्यांत हृदयविकार कमी, मग पुढे मद्य वाढेल तसा वाढत जाणारा. नाशिकच्या कट्ट्यावर जे विधान येतं ते या आलेखाचं तिसऱ्या-चौथ्या कानावर गेलेलं रूप आहे.

या आलेखातली मेख मात्र रेनोंच्या लेखाच्या चार वर्षं आधीच सापडली होती. ए. जेराल्ड शेपर यांनी ब्रिटनच्या 24 गावांतल्या 7,735 मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला होता. 1988 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की ‘न पिणारे’ म्हणून ज्यांना मोजलं जातं त्यांत बरेच जण पूर्वी पिणारे असतात. तब्येत बिघडली, डॉक्टरने दम भरला, म्हणून त्यांनी सोडलेली असते. अशा आजारी माणसांच्या शेजारी उभं केलं की थोडं पिणारा धडधाकट दिसणारच. त्यावर उत्तर आलं की आम्ही सोडलेल्यांना वगळून, आयुष्यात कधीच न प्यायलेल्यांशी तुलना करू. बरं. पण पाश्चात्त्य समाजात कधीच न पिणारा माणूस अनेकदा गरीब, लहानपणापासून आजारी किंवा एकटा असतो, आणि जेवणाबरोबर एकच ग्लास घेणारा सुस्थितीतला, नियमित चालणारा, दाताच्या डॉक्टरकडे वेळेवर जाणारा. टिम स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 107 अभ्यास एकत्र करून या त्रुटी गाळत नेल्या, तेव्हा थोड्या मद्याचा आयुष्य वाढवणारा परिणाम उरला नाही.

याहून नामी युक्ती चीनमध्ये वापरली गेली. पूर्व आशियात पुष्कळ लोकांना जन्मतःच असं जनुक असतं की थोड्या मद्यानेही चेहरा लालबुंद होतो, मळमळतं. ही मंडळी आपोआप कमी पितात. कोणाला ते जनुक मिळावं हे पैसा, शिक्षण, व्यायाम यांवर ठरत नाही, निसर्गानेच चिठ्ठ्या टाकलेल्या असतात. पाच लाखांहून अधिक लोकांच्या कादूरी बायोबँक अभ्यासात 2019 मध्ये आयोना मिलवुड आणि सहकाऱ्यांनी आधी नेहमीच्या पद्धतीने हिशेब केला, तर तोच ओळखीचा आलेख आला: थोडं पिणाऱ्यांत पक्षाघात कमी. मग जनुकांनुसार हिशेब केला, आणि फायदा नाहीसा झाला. मद्य जितकं जास्त, पक्षाघात तितके जास्त, सरळ चढती रेघ. हृदयाच्या झटक्याबाबतही संरक्षण दिसलं नाही. आणि त्याच जनुकांच्या, पण जवळपास न पिणाऱ्या चिनी स्त्रियांत असला कुठलाच फरक आढळला नाही, म्हणजे करामत जनुकाची नव्हती, मद्याचीच होती. प्रयोगाची इतकी सुंदर रचना वैद्यकात वारंवार बघायला मिळत नाही.

आपल्या माणसांचं काय? 52 देशांतला ‘इंटरहार्ट’ अभ्यास 2004 मध्ये आला तेव्हा बेताच्या मद्यपानाला त्याने हृदयरक्षक घटकांच्या यादीत बसवलं होतं. वाइनवाले त्याचा दाखला देतात. 2007 मध्ये त्यातल्याच दक्षिण आशियाई रुग्णांचा वेगळा हिशेब प्रसिद्ध झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या देशांतल्या लोकांत ते संरक्षण दिसलं नाही. कारणांबद्दल वाद आहे. पिण्याची पद्धत वेगळी, आहार वेगळा, पिणाऱ्याचा आर्थिक स्तर वेगळा. पण फ्रेंच हृदयाचा निकाल नाशिकच्या हृदयाला लावायचा असेल तर हा दुसरा दाखला झाकून ठेवता येणार नाही.

रेस्व्हेराट्रॉलचं नाव निघतंच, म्हणून तेही. द्राक्षाच्या सालीतला हा पदार्थ उंदरांवर गुणकारी ठरला, मग गोळ्या निघाल्या. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये तो काही मिलिग्रॅम असतो. माणसांवरच्या चाचण्यांत 500 मिलिग्रॅम आणि त्याहून मोठे डोस वापरले गेले. तेवढ्यासाठी दिवसाला शे-दोनशे लिटर वाइन प्यावी लागेल. पांढऱ्या वाइनमध्ये तो त्याहूनही कमी, आणि नाशिकच्या शेनिन ब्लाँला तर ही सबबही नाही. या विषयावर धडाधड लेख लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांच्या संशोधनात विद्यापीठाच्या चौकशीला 145 ठिकाणी आकडे-चित्रं बनवलेली आढळली. ही 2012 ची गोष्ट. ज्याला ते रसायन हवंच आहे त्याने निफाडची काळी द्राक्षं सालीसकट खावीत.

समोरच्या बाजूचा सगळ्यात ताजा पुरावाही मांडतो. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने म्हटलं की कधीच न पिणाऱ्यांपेक्षा बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यूदर कमी दिसतो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या 2022 च्या विश्लेषणातही चाळिशीपुढच्या लोकांत अगदी थोड्या मद्याला वाव ठेवलेला आहे, चाळिशीच्या आतल्यांना जवळपास नाही. ही मतं मी दडवत नाही. पण दोन्हींचा पाया तेच निरीक्षणाचे अभ्यास आहेत, ज्यांची मेख वर सांगितली. खरा निकाल लागला असता तो माणसांना चिठ्ठ्या टाकून मद्य किंवा बिनमद्य देणाऱ्या चाचणीने. अमेरिकेत तशी 7,800 माणसांची चाचणी सुरूही झाली होती. बिअर आणि मद्य कंपन्यांचा पैसा त्यात आहे आणि चाचणी आखतानाच त्यांच्याशी बोलणी झाली आहेत हे उघड झालं, आणि जून 2018 मध्ये ती गुंडाळली गेली. शिवाय तीच अकादमी त्याच अहवालात सांगते की बेताने पिणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढतो. हे वाक्य मात्र वाइनच्या बाजूने बोलताना कोणी उद्धृत करत नाही.

कर्करोगाबद्दल खरं तर वादच उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 मध्येच पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत. आज त्या यादीत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांचे कर्करोग आहेत. रोजच्या 10 ग्रॅम मद्यार्कामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो, आणि 10 ग्रॅम म्हणजे वाइनचा पाऊण ग्लाससुद्धा नाही. आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. मद्यार्काने तोंडाच्या आतलं अस्तर सैल होतं आणि तंबाखूतली विषं आत शिरायला वाट मोकळी होते, त्यामुळे दोन्ही करणाऱ्याचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही. ज्या राज्यात चुना-तंबाखूची डबी सदऱ्याच्या खिशात आणि मिश्री चुलीजवळ असते, 2012 पासून बंदी असूनही गुटखा टपरीवर मिळतो, त्या राज्यात युरोपातली आरोग्य-वाइन आणून लावणं किती शहाणपणाचं?

तिसरं विधान, वाइन आली की कडक दारू जाईल. ऐकायला पटतं. फिनलंडला 1960 च्या दशकात नेमकं हेच पटलं होतं. लोकांनी व्होडका सोडून सौम्य बिअरकडे वळावं म्हणून 1 जानेवारी 1969 पासून मध्यम तीव्रतेची बिअर किराणा दुकानांत मिळू लागली, खेड्यांतही मद्याची दुकानं उघडायला वाव दिला गेला. एका वर्षात देशाचं एकूण मद्यसेवन 46 टक्क्यांनी वाढलं. व्होडका पिणाऱ्याने व्होडका सोडली नाही. जे पीत नव्हते ते बिअर प्यायला लागले आणि जे पीत होते ते वर बिअरही प्यायला लागले. सुपरमार्केटच्या मांडणीचा नियमही हाच सांगतो: साबण आणि पोह्यांच्या मधल्या फडताळावर जे दिसतं ते रोजच्या यादीत जातं. दारूच्या दुकानाची पायरी चढायला आजही नाशिकमध्ये अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, संकोच वाटतो. हा संकोच मागासलेला आहे असं कोणी म्हणेल. असेल. पण त्याने कित्येक यकृतं वाचवली आहेत.

उरला शेतकरी. या विधानाला मी सगळ्यात जास्त मान देतो, कारण गारपिटीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागेत उभं राहून आरोग्यशास्त्र सांगणं अवघड आहे. पण त्या बागेत कोणती द्राक्षं आहेत? थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस. खायची द्राक्षं. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षक्षेत्रात वाइनच्या वाणांचा वाटा 10 टक्क्यांहूनही कमी आहे. वायनरीला शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, कॅबरने लागतात, तीही करारावर, ठरलेल्या साखरेची. ऑक्टोबर छाटणीनंतर बेमोसमी पावसाने मणी तडकलेल्या थॉमसनच्या बागेला वायनरीचा दरवाजा उघडत नाही. ज्या द्राक्षवाल्याच्या नावाने वाइनचा कैवार घेतला जातो, त्यातल्या शेकडा नव्वदांहून अधिक जणांचा वाइनशी संबंध नाही.

आणि ज्यांचा आला, त्यांचं काय झालं? 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूरला गोदावरी वाइन पार्क, सांगलीकडे पलूसला कृष्णा वाइन पार्क निघाला, उत्पादन शुल्काची सवलत मिळाली. भराभर वायनऱ्या उभ्या राहिल्या, भराभर वाइनच्या वेली लागल्या. 2008 च्या मंदीने आणि त्या वर्षीच्या मुंबई हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसल्याने टाक्यांत वाइन पडून राहिली. वायनऱ्यांनी माल उचलणं थांबवलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली मुळासकट उपटल्या. खायची द्राक्षं निदान बाजारात नेता येतात, सुकवून बेदाणा करता येतो. कॅबरनेचा बी भरलेला बारीक मणी कोण घेणार? सरकारने 2009 मध्ये प्रोत्साहन योजना आणली, 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत. ते परत मिळतात वायनरीला, बागेच्या मालकाला नव्हे. शेतकऱ्यासाठीच करायचं असेल तर शीतगृह, प्लास्टिक आच्छादन, विम्याची वेळेवर भरपाई आणि निर्यातीत फसवणाऱ्या व्यापाऱ्यावर कारवाई, हे सगळं वाइनविनाही करता येतं.

चारही विधानं बाजूला ठेवली तरी एक नुकसान उरतं, आणि ते वॉर्डात दिसतं. समजा, पासष्टीचे एक गृहस्थ बाथरूममध्ये घसरून मांडीचं हाड मोडून दाखल झाले. निवृत्त अधिकारी, कॉलेज रोडला घर. भूल देण्याआधी डॉक्टर विचारतात, दारू घेता का? मुलगा मध्येच म्हणतो, “छे हो डॉक्टर, बाबा दारूला शिवत नाहीत. रात्री थोडी वाइन घेतात, तेवढंच.” कागदावर लिहिलं जातं: मद्य नाही. ऑपरेशन व्यवस्थित होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांचे हात थरथरायला लागतात, घामाने चादर भिजते, ते भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकतात, सलाईनची नळी ओढतात. घरच्यांना वाटतं भुलीचा परिणाम, कोणाला वाटतं मेंदूला काही झालं. हा मद्य तुटल्याचा उन्माद आहे. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत येणारा, वेळेत ओळखला नाही तर जीव घेणारा. दाखल होतानाच कळलं असतं तर थायामिनची इंजेक्शनं आणि शामक औषधं आधीच सुरू झाली असती. पहिलं विधान मुलाच्या तोंडून निघालं आणि त्याने उपचार चुकवला. ज्याला वाइन दारू वाटत नाही, त्याला आपण व्यसनी झालोय हे कळायलाही उशीर होतो. तो व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाही, कारण ती पायरी ‘दारुड्यांची’ असते.

नाशिकला नशेचा संताप येत नाही असं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडी म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना उघडकीला आणला, शेकडो कोटींचा साठा सापडला, आणि शहर हादरलं. त्याच महिन्यात राऊत यांच्याच पुढाकाराने अमली पदार्थांविरुद्ध नाशिकमध्ये मोर्चा निघाला. मोर्चा योग्यच होता. एमडीने झोप उडते, हृदयाचे ठोके बिघडतात, संशयाचे झटके येतात, कोवळी पोरं महिन्यांत हातची जातात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलाम हीदेखील तशीच, आणि दारूबरोबर घेतली तर श्वास थांबवणारी. पण तराजूत घालून बघा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 वयोगटात मद्य घेणारे 14.6 टक्के, सुमारे 16 कोटी. त्यातल्या 5.7 कोटींना मद्यामुळे उपचाराची किंवा मदतीची गरज. एमडी ज्या गटात मोडतं त्या गटातली उत्तेजकं वापरणारे 0.18 टक्के. आणि मद्याच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला. एमडीविरुद्ध मोर्चा, आणि त्याहून कैकपट मोठ्या आजारासाठी वायनरीची टेस्टिंग रूम.

सुपरमार्केटचा निर्णय झाला त्याच दिवशी, 27 जानेवारी 2022 ला, पुण्यात लेखक अनिल अवचट गेले. डॉ. अनिता अवचट यांच्याबरोबर त्यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर. सुरुवात गर्दच्या व्यसनींसाठी होती. काही वर्षांत खाटा दारूच्या रुग्णांनी भरू लागल्या. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या होत्या एवढंच.

मग माझं म्हणणं काय? बंदी नव्हे. चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. त्या सहा वर्षांच्या परिणामांवर अजून भांडण चालू आहे, ते इथे सोडवता येणार नाही. वायनऱ्या राहोत, वाइन परदेशी जावो, पर्यटक येवोत. पण कर मद्यार्काच्या ग्रॅमवर असावा, बाटलीच्या प्रतिष्ठेवर नको. जून 2025 मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा बिअर आणि वाइन बाहेर ठेवली. सव्वा क्वार्टरला सूट आणि एका क्वार्टरला वाढ, हे कोणत्या आरोग्यशास्त्रात बसतं? टेस्टिंग रूममध्ये ग्लास फिरवून वास कसा घ्यायचा हे पर्यटकाला शिकवतात, तिथेच प्रत्येक ग्लासात किती ग्रॅम मद्यार्क आहे याची पाटी लावायला काय हरकत आहे? परत मिळणाऱ्या 16 टक्क्यांतला काही भाग नाशिकच्या सरकारी रुग्णालयातल्या व्यसनोपचारासाठी बांधून घ्यावा. आणि डॉक्टरांनी ‘दारू घेता का’ हा प्रश्न बदलून ‘वाइन, बिअर, व्हिस्की, यातलं काय आणि किती ग्लास’ असा विचारावा.

एक दुरुस्ती सरकारला तर फारच सोपी आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा, एका दिवसाला विदेशी मद्यासाठी पाच रुपयांचा, देशीसाठी दोन रुपयांचा. परमिट रूममध्ये बसणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो कधी नीट वाचलेला नसतो. तो परवाना मद्य देतो ते ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून. एकीकडे अन्न सुरक्षा प्राधिकरण बाटलीवर घातक म्हणून छापायला लावतं आणि दुसरीकडे राज्य उत्पादन शुल्क विभाग तीच बाटली औषधासारखी लिहून देतो. वाइन हृदयाला बरी, असं म्हणणाऱ्या नाशिककराला दोष देण्याआधी हा मजकूर बदलायला हवा.